हाल्दिसने पुसलेला उतार

हाल्दिस कुणाच्याही घरी पहिल्यांदा गेली की आधी जिना बघते. माणसांची विचारपूस नंतर. आमच्याकडे आली तेव्हा माझी बायको हातात केकची बशी घेऊन उभी, आणि ही पायरीशी वाकून एक डोळा मिटून बघतेय. मग सरळ झाली आणि मला म्हणाली, "गुत्तोर्म, हा बेचाळीस अंशांचा आहे. मोजे घालून उतरत जाऊ नकोस." मी त्या जिन्यावरून जन्मभर मोजे घालून उतरत आलो होतो आणि कधी घसरलो नव्हतो. त्या दिवसापासून कठडा धरतो. एखाद्याचं सुख घालवायला हाल्दिसला एक आकडा पुरतो.

आमच्या स्कोर्विकमध्ये समुद्र आणि डोंगर यांनी माणसांसाठी फार थोडी जागा ठेवली आहे. खाडीच्या काठाने एक रस्ता, रस्त्याला चिकटून घरं, आणि घरांच्या पाठीशी लगेच डोंगर. अशा गावात घाबरट माणसाने जन्म घेऊ नये, पण हाल्दिसने घेतला, आणि तोही शेवटच्या घरात, जिथे डोंगर अगदी स्वयंपाकघरात डोकावतो. तिची आई हिवाळ्यात मोठा बर्फ पडला की सगळ्या पोरांच्या गाद्या ओढत समुद्राकडच्या खोलीत नेई. कारण कुणी सांगत नसे. पोरं भिंतीला कान लावून झोपत आणि डोंगर काय बोलतो ते ऐकत. डोंगर कधीच काही बोलला नाही. हाल्दिस म्हणते, बोलला असता तर बरं झालं असतं, निदान किती घाबरायचं ते तरी कळलं असतं.

माझ्या मते तिचा सगळा उद्योग त्या प्रश्नातून निघाला. ती पालिकेत नकाशे करते. विमानातून लेझरचे किरण टाकून आमचा सगळा डोंगर मोजलेला आहे. कुठल्या ठिकाणी जमीन किती उंच, याचे कोट्यवधी आकडे तिच्या संगणकात आहेत. त्या आकड्यांचे ती चौकोन पाडते, बुद्धिबळाच्या पटासारखे. मग संगणक एकेका चौकोनाला विचारतो, तुझे शेजारी तुझ्यापेक्षा किती वर, किती खाली? त्यावरून तिथला उतार किती अंशांचा ते ठरतं. उतार सौम्य असेल तर चौकोन पांढरा राहतो, पुढे पिवळा, मग नारिंगी, मग लाल. तीस अंशांच्या पुढे बर्फाचा थर सुटून खाली कोसळू शकतो, हे आमच्याकडे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असतं. म्हणजे हाल्दिस दिवसभर बसून भीतीला रंग देते आणि त्याचा पगार घेते. गावात तिच्याइतकं मनासारखं काम कुणालाच मिळालेलं नाही.

तिचा नवरा तोर्लैव फेरीबोटीवर असतो. हा माणूस कशालाच घाबरत नाही, कारण तो बहुतेक वेळ झोपलेला असतो. लग्नाची मागणी घालायला तो तिला कड्यावर घेऊन जायला निघाला होता. ती अर्ध्या वाटेत एका दगडावर बसली आणि पुढे यायला साफ नकार दिला. हा वर जाऊन वाट बघत बसला. बराच वेळ झाल्यावर खाली आला आणि तिथेच, दगडापाशी, विचारलं. ती हो म्हणाली आणि लगोलग म्हणाली, आता खाली जाऊ या. त्यानंतर ती डोंगरावर गेली नाही. डोंगराचा प्रत्येक खळगा तिला पाठ होता, पण पडद्यावर.

आता आमच्या ऊनखळग्याविषयी सांगायला हवं, कारण सगळी गोष्ट तिथेच घडली.

ईस्टरच्या शनिवारी अख्खं गाव स्की चढवून वरच्या कुरणावर जातं. तिथे एका ओढ्याची घळ आहे. हिवाळ्यात ती बर्फाने भरते. आम्ही फावडी घेऊन त्या बर्फात लांबलचक बाक खोदतो, पाठ टेकायला बर्फाचीच भिंत ठेवतो, वर रेनडिअरची कातडी अंथरतो, आणि ओळीने बसतो. हाच आमचा ऊनखळगा. वारा डोक्यावरून जातो, ऊन थेट तोंडावर येतं. मग सगळे संत्री सोलतात, कॉफी पितात, आणि डोळे मिटून भाजून घेतात. सोमवारी ज्याचं नाक सर्वांत लाल, त्याचा ईस्टर सर्वांत चांगला झाला असं धरतात. माझ्या आजोबांच्या आधीपासून हे असंच चालत आलंय आणि जागाही तीच. तोंड उन्हाला, पाठ उताराला. घळीच्या मागे एक छोटा चढ आहे, दोनतीन मजली घराएवढा. त्याच्याकडे कुणी कधी वळून पाहिलं नव्हतं. पाठीमागच्या गोष्टीकडे कोण बघतो?

आमच्या क्रीडा मंडळाचा अध्यक्ष आन्फिन. गडी मोठा उत्साही, आवाज बोटीच्या भोंग्यासारखा. त्याच्या मनात आलं की स्कीच्या वाटांचा एक छान नकाशा मंडळाच्या खोपटात लावावा, आणि प्रत्येकाच्या खिशातही एकेक असावा. हाल्दिसने हौसेने करून दिला. लेझरचे सगळे आकडे वापरले, अगदी एकेक मीटरचे चौकोन पाडले. तो नकाशा भिंतीवर लागला आणि आम्ही सगळे त्याच्याभोवती जमलो. प्रत्येक धोंडा, प्रत्येक बांध, गोठ्यामागचा उकिरडासुद्धा लाल ठिपका होऊन बसला होता.

"हाल्दिस, ह्या डोंगराला गोवर झालाय," आन्फिन म्हणाला. "हा बघून माझी आईसुद्धा घराबाहेर पडायची नाही, आणि ती तर या डोंगरावर गाई वळायची."

सगळे हसले. मीही हसलो, आणि वर म्हणालो की माझ्या कुत्र्याच्या घराला नारिंगी रंग आलाय, तेव्हा त्याला आता दोरीने उतरवायला हवं. हाल्दिसही हसली. घाबरट माणसाला एक गोष्ट जन्मभर शिकवलेली असते, की तू उगाच घाबरतेस. ती तेवढी शिकवण तिने त्या दिवशी मानली. नकाशा उतरवून घेऊन गेली, चौकोन मोठे केले, पंचवीस पंचवीस मीटरचे, आणि सगळं पुन्हा मोजलं. मोठ्या चौकोनात धोंडे विरघळले, उकिरडा गेला, माझा कुत्रा सुखरूप झाला. मोठे कडे तेवढे लाल राहिले. बाकीचा डोंगर धुतलेल्या चादरीसारखा पांढरा दिसायला लागला. आन्फिनने तो प्लास्टिकमध्ये घालून घरोघर वाटला. हाल्दिसने जन्मात पहिल्यांदा कुणाची भीती कमी केली होती. तिला त्याचं फार कौतुक वाटलं.

त्या वर्षी ईस्टरच्या आधी वायव्येचा वारा सुटला. दोन दिवस तो डोंगरमाथ्यावरचा बर्फ खरवडून आमच्या बाजूला टाकत राहिला. शनिवारी सकाळी मात्र आकाश असं निळं की बघतच राहावं. आम्ही निघालो. तोर्लैवने पाठीवर संत्र्यांची थैली घेतली आणि मुलीची मुलगी तिरिल हिला छोट्या घसरगाडीत बसवून ओढत निघाला. हाल्दिस नेहमीप्रमाणे दारात उभी राहून हात हलवत होती.

मग ती संगणकापाशी बसली. सुट्टीच्या दिवशी घरात एकटी राहिलेली बाई आणखी काय करणार? म्हणजे दुसऱ्या बायका पुष्कळ काही करतात, पण ही बसली. बर्फ वितळल्यावर ओढ्याचं पाणी रस्त्याखालच्या नळातून नीट जाईल का, हे पालिकेला हवं होतं. पाण्यासाठी बारीक चौकोन लागतात, म्हणून तिने जुने एकेक मीटरचे आकडे उघडले आणि ओढ्याच्या काठाने वर वर सरकत गेली. घळीपाशी आली. घळीच्या मागे एक लाल पट्टा होता.

तिला आधी वाटलं, आकडे चुकलेत. कधीकधी किरण झाडावर पडतात आणि झाडाचा शेंडाच जमीन समजला जातो. पण तिथे झाडं नाहीत. मग तिने त्या चढावरून वरून खाली रेघ ओढली आणि जमिनीचा छेद काढला. वर सपाट टेपाड, खाली सपाट घळ, आणि मधे सदतीस अंशांचा उतार. मोठ्या चौकोनाने काय केलं होतं ते तिला तेव्हा कळलं. वरचं सपाट, खालचं सपाट आणि मधलं उभं, तिन्ही एकाच भांड्यात घालून ढवळलं होतं. सरासरी निघाली होती पांढरी.

ती सांगते की पहिल्यांदा तिच्या मनात आकडा नाही, वारा आला. वायव्येचा वारा. तो टेपाडावरून आला असणार आणि सगळा बर्फ त्याच उतारावर ठेवून गेला असणार, जुन्या कडक थरावर नवा जड थर. आणि त्याच्या पायथ्याशी, घळीत, जिथून बर्फाला पुढे जायला वाट नाही आणि माणसांनाही नाही, अख्खं गाव ओळीने बसलंय. पाठ करून. डोळे मिटून.

तिने तोर्लैवला फोन लावला. फोन स्वयंपाकघराच्या फडताळात वाजला. आन्फिनला लावला, मला लावला. घळीत फोन लागत नाही, आम्ही तर त्यासाठीच तिथे जातो. फौजदाराला लावला. फौजदार माझ्या शेजारी बसून तिसरं संत्रं सोलत होता.

तेव्हा ती उठली. माळ्यावरून स्की काढल्या. त्यांचे पट्टे इतके जुने होते की एक बांधताना तुटला, तो तिने तोर्लैवच्या बुटाच्या नाडीने बांधला. आणि जी बाई लग्नाच्या मागणीसाठी वर आली नव्हती, ती एकटी वाटेला लागली. वाटेत एक जागा आहे, उजवीकडे ओढा, डावीकडे चढ. तिथे ती उभी राहिली आणि तिचे पाय चालेनात. मी मागे तिला विचारलं होतं की मग तू काय केलंस. ती म्हणाली, उताराकडे बघितलं, अठरा अंश, आणि स्वतःला मोठ्याने सांगितलं, अठरा. चार पावलांवर पुन्हा सांगितलं, वीस. अशी आकडे म्हणत म्हणत ती वर आली.

आम्हाला ती दिसली ती समोरच्या टेकाडावर. उघड्या वाऱ्यात, टोपी नाही, केस तोंडावर. खळग्यात आली नाही. पलीकडेच थांबली. आन्फिनने तिला पाहिलं आणि खूश होऊन ओरडला की आता जगबुडी जवळ आली, हाल्दिस डोंगरावर आली. ओळीत हशा पिकला. कुणी म्हणालं तिला बसायला सपाट जागा द्या, कुणी म्हणालं बाकाला कठडा लावा. मीसुद्धा काहीतरी बोललो असणार, मी गप्प बसलो असेन असं होत नाही.

ती ओरडली नाही. अगदी साध्या आवाजात बोलली, आणि वारा आमच्याकडे असल्यामुळे शब्द न् शब्द ऐकू आला.

"एकेकजण बाहेर या. माझ्या बाजूला. मागे उतारावर कुणी पाय ठेवू नका."

आन्फिनने खिशातून प्लास्टिकचा नकाशा काढून वर धरला. "अगं, हा बघ. तूच केलायस. इथे पांढरं आहे."

"तो चुकलाय. मी चुकवलाय. तुम्हाला गोवर नको होता म्हणून मी पुसला."

"सगळी सकाळ खोदण्यात गेली, हाल्दिस. आणि माझे आजोबा इथेच बसायचे."

"आजोबा बसले त्या वर्षी कसा वारा होता ते मला माहीत नाही. कालचा माहीत आहे."

कुणी उठलं नाही. खरं सांगायचं तर उठवत नव्हतं. उन्हाने अंग सैल झालं होतं, कॉफी गरम होती, आणि हाल्दिस घाबरली आहे ही आमच्या गावात बातमी नसते. ती बोटीच्या फळीला घाबरते, ओल्या फरशीला घाबरते, बँकेच्या पायऱ्यांना घाबरते. तिच्या भीतीतून एवढी वर्षं आम्ही इतके सुखरूप बाहेर आलो होतो की त्या भीतीचाच आम्हाला आधार वाटायचा. फौजदाराने संत्र्याची फोड तोंडात टाकली.

तोर्लैव झोपला होता. गलक्याने जागा झाला, एक डोळा उघडला, आणि टेकाडावर त्याला बायको दिसली. मी त्याच्या शेजारी होतो म्हणून मला दिसलं. त्याचा दुसरा डोळा उघडला. तो तिच्या चेहऱ्याकडे बघत नव्हता, पायांकडे बघत होता. तिथे स्कीला बांधलेली त्याच्या बुटाची नाडी होती.

"ती वर आलीये," तो मला हळूच म्हणाला. "गुत्तोर्म, ती वर आलीये."

मग त्याने तिरिलला कातड्यासकट उचललं. पोर झोपेतच होती. तो खळग्यातून बाहेर पडला आणि पलीकडे चढायला लागला. संत्र्यांची थैली तिथेच राहिली. तोर्लैव जेवण सोडून कुठे गेला, असं मी तोवर पाहिलं नव्हतं.

माझ्या अंगावरचं ऊन गेल्यासारखं झालं. आभाळ तसंच निळं होतं. पण मी मागे वळून बघितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तो चढ पांढराशुभ्र, गुळगुळीत, उशीसारखा फुगलेला, आणि वर टेपाडाच्या कडेला बर्फाचा छज्जा बाहेर आलेला. इतका मऊ दिसत होता की त्याची भीती वाटायला काहीच कारण नव्हतं. तरी मी उठलो. मग माझी बायको. मग फौजदार, हातात अर्धं संत्रं घेऊन. एकामागून एक, अंतर ठेवून, जसं ती हाताने दाखवत होती तसं. बर्फावर स्कीचा आवाज तेवढा होत होता, आणि तोही मला नको वाटत होता.

शेवटी आन्फिन राहिला. तो अध्यक्ष, त्यामुळे चिडलेलाही होता आणि शेवटी निघणं त्याचं कर्तव्यही होतं. त्याने कॉफीची मोठी किटली उचलली. मग त्याला आठवलं की मंडळाचा झेंडा मागच्या चढावर रोवलाय. हाल्दिस म्हणाली, नको. त्याने मान हलवली आणि वर एक पाऊल टाकलं.

तेव्हा तो आवाज झाला.

धडाड नाही. एखाद्या खूप मोठ्या जनावराने झोपेत श्वास सोडावा तसा. हुंफ. तो कानांनी ऐकला नाही, तळपायांनी ऐकला. आमच्या टेकाडाखालचा बर्फसुद्धा बोटभर खाली बसला. आणि आन्फिनच्या पायापासून एक बारीक काळी रेघ निघाली, आडवी, चढाच्या मधून, सावकाश, जणू कुणी पेन्सिलीने ओढतंय, पार दुसऱ्या टोकापर्यंत.

आन्फिन हलला नाही. एक पाय वर, एक खाली, हातात किटली. तिच्या तोटीतून कॉफी सांडत होती आणि बर्फात तपकिरी भोक पडत होतं. तो आमच्याकडे बघत होता, म्हणजे हाल्दिसकडे.

"किटली ठेव," ती म्हणाली. "वर बघू नकोस. माझ्याकडे बघ. वरचा पाय खाली आण. हळू."

तिचा आवाज कापत होता. तोर्लैवने मागून तिचा हात धरून ठेवला होता. पण ती बोलत राहिली. आता दुसरा. आता माझ्याकडे. आन्फिन एकेक पाऊल टाकत खळगा ओलांडत होता, आम्ही खोदलेल्या बाकावरून, कातड्यांवरून, संत्र्यांच्या सालींवरून. माझ्या बायकोची नखं माझ्या दंडात रुतली होती, ते मला घरी गेल्यावर कळलं. मी त्या काळ्या रेघेकडे बघत होतो. मला वाटत होतं की मी नजर काढली तर ती सुटेल.

तो टेकाडावर आला आणि खाली बसला. फौजदाराने त्याला उरलेलं अर्धं संत्रं दिलं. आन्फिनने ते सालीसकट खाल्लं.

उतार सुटला नाही.

आम्ही तिथे वाऱ्यात कुडकुडत उभे राहिलो, सगळं गाव, आणि वाट बघत राहिलो. तो त्या दिवशी सुटला नाही. दुसऱ्या दिवशी नाही. आमची कातडी, थैली, झेंडा, किटली तिथेच राहिली, आणायला कुणी गेलं नाही. रोज गावातून दुर्बीण लावून कुणी ना कुणी त्या रेघेकडे बघायचं. मे महिन्यात बर्फ जागच्या जागी वितळला आणि ओढ्यातून पाणी होऊन निमूटपणे खाली आला. संत्री वाहत आली. पोरांनी पुलाखाली पकडली.

म्हणजे हिशेबाने बघितलं तर काहीच झालं नाही. मला वाटलं होतं आन्फिन आता जन्मभर हाल्दिसला चिडवणार. पण त्याने तो विषय काढला नाही. एके दिवशी तो पालिकेत गेला, तिच्या टेबलासमोर बराच वेळ टोपी फिरवत बसला, आणि मग म्हणाला की त्याला गोवरवाला नकाशा हवाय. तो आता खोपटात आहे. माझ्या कुत्र्याचं घर त्यात नारिंगी आहे.

हाल्दिस सुधारली असं कुणी समजू नये. ती अजून तशीच घाबरते, उलट थोडी जास्तच, कारण आता तिला स्वतःच्या पांढऱ्या रंगाचीही भीती वाटते. एकही चौकोन ती दोनदा मोजल्याशिवाय पांढरा सोडत नाही. पण ईस्टरला आता ती वर येते, आकडे पुटपुटत, तोर्लैवच्या मागून. बाक आम्ही समोरच्या टेकाडावर खोदतो. तिथे वारा असा की कॉफी कपात ओतेपर्यंत गार होते. आणि आम्ही आता उन्हाकडे पाठ करून बसतो. कुणी ठरवलं नाही, पहिल्या वर्षी सगळे आपोआपच तसे बसले. तोंड उताराला.

सोमवारी आमच्या गावातली माणसं ओळखायला सोपी. चेहरे पांढरे फटक आणि माना मागून लालभडक.